फळ्यासमोरची परीक्षा

बायनरी ट्री म्हणजे माहितीची झाडासारखी मांडणी, प्रत्येक फांदीला पुढे जास्तीत जास्त दोन फांद्या; तो उलटा करायचा म्हणजे डावी-उजवी बाजू अदलाबदल करायची. रोजच्या कामात बायनरी ट्री उलटा करायची वेळ सहसा कुणावर येत नाही. मग मोठ्या टेक कंपन्या प्रोग्रॅमरच्या मुलाखतीत तो फळ्यावर का करायला लावतात? या खोडीचं मूळ शोधायला बरंच मागे जावं लागतं, प्रोग्रॅमिंगची पदवी जवळपास कुठेच मिळत नव्हती त्या काळात.

१९५० च्या दशकात कंपन्यांना प्रोग्रॅमर हवे होते आणि अनुभवी माणसं तर फारशी नव्हतीच. मग शिकू शकेल असा तरी माणूस हुडकायचा. आयबीएमने १९५५ मध्ये प्रोग्रॅमर ॲप्टिट्यूड टेस्ट काढली. त्यात अंकमालिका होत्या, आकृत्यांमधलं साम्य ओळखायचं होतं, अंकगणिताची उदाहरणं होती. कोडची मात्र एक ओळही नव्हती. काम येतं का हे बाजूला ठेवून डोकं चालतं का हे पाहायची सवय तिथे लागली. पुढे पदव्या आल्या, अनुभवी माणसं आली, सवय तशीच राहिली.

तिला घड्याळ जोडलं ते विल्यम शॉक्ली यांनी. ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चं नोबेल वाटून घेतलेले हे गृहस्थ आपल्या कंपनीत येणाऱ्या उमेदवारांना स्टॉपवॉच लावून कोडी घालत. १९५७ मध्ये जेम्स गिबन्स यांना त्यांनी विचारलं: टेनिस स्पर्धेत १२७ खेळाडू आहेत, हरला की बाहेर, विजेता ठरायला किती सामने होतील? फेरीफेरीने बेरीज करत बसलात की वेळ गेला. प्रत्येक सामन्यात एक जण बाद होतो आणि १२६ जणांना बाद करायचंय, म्हणून सामने १२६. गिबन्स यांनी हे चटकन सांगितलं. कोडं सुंदर आहे, वाद नाही. पण ते सुटलं म्हणून माणूस चांगला इंजिनिअर, हे कुणी ठरवलं?

मायक्रोसॉफ्टने ‘मॅनहोलचं झाकण गोल का?’ छापाचे प्रश्न गाजवले. गूगलने २००४ मध्ये सिलिकॉन व्हॅलीत हायवेलगत एक नाव नसलेला फलक लावला: गणितातल्या ‘ई’ (२.७१८...) या न संपणाऱ्या संख्येच्या सलग अंकांमधली पहिली दहा-अंकी मूळ संख्या शोधा. उत्तर ७४२७४६६३९१, आणि तोच पुढच्या वेबसाइटचा पत्ता. त्याच गूगलचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये कबूल केलं की असली कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. त्यातून मुलाखत घेणाऱ्यालाच आपण हुशार असल्याचं समाधान मिळतं.

कोडी मागे पडली, फळा राहिला. डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडायच्या रचना), अल्गोरिदम (प्रश्न सोडवायच्या ठरावीक पायऱ्या), पाऊण तास, हातात मार्कर. कंपन्यांचा हिशेब सरळ आहे: चांगला उमेदवार हुकला तर दुसरा मिळतो, चुकीचा घेतला तर तो निस्तरत बसावा लागतो. अर्जांचा ढीग असला की हे परवडतं. त्या हिशेबावर तयारीचा मोठा धंदा उभा राहिला, आणि अशा प्रश्नांचा सराव देणाऱ्या वेबसाइटचं नाव ‘लीटकोड’ हे तर क्रियापदासारखं वापरलं जाऊ लागलं. २०१५ मध्ये होमब्रू हे मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन बनवणाऱ्या मॅक्स हॉवेल यांचं गूगलला उद्देशून केलेलं ट्वीट गाजलं: तुमचे बहुतेक इंजिनिअर माझं सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून मी नापास!

२०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी खोलीत एकट्याने प्रश्न सोडवला, बाकीच्यांनी परीक्षकासमोर, मोठ्याने बोलत. समोर कुणी बघत बसलंय एवढ्यानेच कामगिरी निम्म्याहून खाली आली. म्हणजे फळा बराचसा मोजत होता तो धीर.

त्याच वर्षी कोविडने मुलाखती स्क्रीनवर नेल्या. मग एआय आलं आणि स्क्रीनच्या पलीकडे उत्तर नक्की कोण देतंय याचीच खात्री उरली नाही. २०२५ मध्ये सुंदर पिचाई यांनी सांगितलं की गूगल किमान एक फेरी पुन्हा समोरासमोर घेणार.