हुमणीचा भुंगेरा

हुमणीचा भुंगेरा हा कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या रानापासून घराच्या परसापर्यंत आढळणारा, विटकरी-तपकिरी रंगाचा, साधारण २ सेंटिमीटर लांबीचा कीटक. मातीत राहून मुळे खाणारी त्याची अळी म्हणजे हुमणी. भुंगेरा वर्षातले जेमतेम काही आठवडे, तेही अंधार पडल्यावर, जमिनीच्या वर येतो. ऊस पिवळा पडला की शेतकरी अळी शोधू लागतो. पण तिला आवरायची खरी वेळ तोवर दोन-तीन महिने मागे पडलेली असते.

जिल्ह्यात मुख्यतः दोन जाती त्रास देतात. माळाच्या, हलक्या-मध्यम रानात होलोट्रिकिया सेराटा, तर पंचगंगा, वारणेच्या काठच्या मळीच्या, म्हणजे गाळाच्या, जमिनीत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. पुढील वर्णन प्रामुख्याने पहिल्या जातीचे आहे.

मे-जूनमध्ये वळवाचा दमदार पाऊस झाला, माती भिजली की दिवेलागणीनंतर भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि बांधावरच्या कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांकडे झेपावतात. बॅटरी घेऊन झाडाखाली उभे राहिले तर पाने कुरतडल्याची बारीक कुरकुर ऐकू येते. फांदीवर नर-मादीच्या जोड्या लटकलेल्या दिसतात, तळाशी लेंड्यांचा सडा पडतो. कडुनिंबाच्या अर्काला कितीतरी किडी बिचकतात. हा भुंगेरा मात्र तोच पाला कडेने खात जातो. उजाडण्याआधी सगळे पुन्हा मातीत शिरतात. म्हणूनच झाड ओरबाडलेले दिसते, पण दिवसा त्यावर एकही भुंगेरा सापडत नाही.

मादी ओलसर मातीत ५० ते ६० अंडी सुटी सुटी घालते. ती दुधी पांढरी, साबुदाण्यासारखी असतात आणि १०-१२ दिवसांत उबतात. लहान अळी आधी कुजका पाला, सेंद्रिय पदार्थ खाते, मग कोवळ्या मुळांकडे वळते. तिसऱ्या अवस्थेतली अळी सर्वांत खादाड. पांढरट, जाडजूड, कमानीसारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची ही अळी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात उसाची मुळे फस्त करते. पाने पिवळी पडतात, बेट वाळते आणि हाताने ओढले तरी उपटून येते. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा वाढवलेल्या उसात, नांगरट होत नसल्याने तिथे ती विशेष बळावते. भुईमूग, सोयाबीन, परसातला गुलाब, अंगणातली हिरवळ, काहीच तिला वर्ज्य नाही. पावसाळा सरल्यावर ती खोल मातीत कोषात जाते. त्यातून निघालेला भुंगेरा पुढच्या वळवापर्यंत तिथेच पडून राहतो. वर्षाला एकच पिढी होते.

शेणखताच्या खड्ड्यात दिसणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते, हे आवर्जून सांगायला हवे. तिथल्या पुष्कळशा अळ्या गेंडा भुंग्याच्या असतात आणि त्या कुजलेले पदार्थ खातात. अळीच्या शेवटच्या वलयाच्या खालच्या बाजूला असलेल्या राठ केसांच्या मांडणीवरून जाणकार जात ओळखतात.

नियंत्रणाचा सर्वांत स्वस्त उपाय भुंगेऱ्यांच्या त्या मोजक्या रात्रींतच आहे. आकडीने फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. शिवाय प्रकाश सापळे लावायचे. मादी अंडी घालण्याआधी हे व्हायला हवे आणि सगळ्या शिवाराने मिळून व्हायला हवे. एकट्याने केले तर शेजारच्या बांधावरून भुंगेरे येतातच. खोल नांगरट केली की उघड्या पडलेल्या अळ्या-कोष बगळे, साळुंख्या आणि कावळे टिपतात. मेटारायझियम ही बुरशी मुरलेल्या शेणखतात मिसळून पावसाळ्याच्या सुरुवातीला ओलीवर द्यावी. तिने मेलेली अळी आधी कडक होते, मग तिच्यावर हिरवी बुरशी चढते. अळी लहान असताना ही बुरशी चांगली लागू पडते. पूर्ण वाढलेली हुमणी सहसा दाद देत नाही.