क्वार्टर मिजेट क्लब

क्वार्टर मिजेट क्लब : साधारण ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींच्या छोट्या मोटारींच्या शर्यतींसाठी पालकांनी स्वयंसेवी तत्त्वावर चालविलेली संस्था. प्रसार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत.

प्रौढांच्या ‘मिजेट’ (म्हणजे बुटक्या) शर्यती मोटारींच्या नियमित शर्यती १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाल्या. मुलांसाठी त्यांच्या प्रतिकृती केव्हा बनू लागल्या, याबद्दल मतभेद आहेत. काहीजण हा काळ दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा मानतात. मात्र क्लबांची संघटित परंपरा १९५० च्या दशकापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. नावातील ‘क्वार्टर’ म्हणजे ‘चौथाई’चा अर्थही वादग्रस्त आहे. एका स्पष्टीकरणानुसार मोटारीचा आकार, धावपट्टी आणि वेग हे तिन्ही प्रौढांच्या मिजेटच्या चौथाई आहेत : धावपट्टी एक पंचमांश मैलाऐवजी एक विसांश मैल (२६४ फूट, सु. ८० मी.) आणि वेग ताशी १२० मैलांऐवजी ३०. हा हिशेब इंजिनाला लागू पडत नाही. १९३४ च्या ऑफेनहाउसर मिजेट इंजिनाची क्षमता ९७ घन इंच होती, तर मुलांच्या इंजिनाची सु. ७ घन इंच (सु. ११५ घ. सेंमी.), म्हणजे जवळजवळ चौदावा हिस्सा. त्यामुळे नाव मुळात आकारावरून पडले आणि वेगाचे गणित मागाहून जुळविले गेले असावे. आजच्या वरच्या गटांतील मोटारी तर ताशी ४५ मैलांच्या आसपास धावतात.

गो-कार्ट या साध्या सांगाड्याच्या छोट्या शर्यती गाडीपेक्षा ही मोटार वेगळी. तिला स्प्रिंगांचे निलंबन (सस्पेन्शन) आणि चालकाभोवती पोलादी पिंजरा असतो. धावपट्टी लंबगोल आणि वळणे कायम डावीकडे असल्याने वजनही डावीकडे झुकते ठेवतात. मूल आत बसवूनच मोटार काट्यावर चढवतात.

प्रत्येक मोटारीमागे एक ‘हँडलर’ असतो, बहुधा आई किंवा वडील. हात पिंजऱ्याबाहेर जाऊ नयेत म्हणून मनगटांना बांधलेले पट्टे तो स्वतः ओढून पाहतो, मगच मोटार सोडतो. झेंडे दाखवणे, फेऱ्या मोजणे, शर्यतीनंतर मोटारी तपासणे ही कामेही घरचीच माणसे वाटून घेतात. एरवी आपल्याच मुलाच्या मागे धावणारा बाप येथे दुसऱ्याच्या मुलासाठीही धोक्याचा इशारा देणारा पिवळा झेंडा तितक्याच तत्परतेने उचलतो. या क्लबांचे मोल त्यात आहे.

नॅसकार या अमेरिकेतील मोटार शर्यतींच्या मालिकेत चार वेळा वार्षिक विजेतेपद मिळविलेला जेफ गॉर्डन आणि २००० मध्ये इंडियानापोलिस ५०० या ५०० मैलांच्या मोटार शर्यतीत उतरलेली सारा फिशर या दोघांनीही पाचव्या वर्षी क्वार्टर मिजेटपासून सुरुवात केली.