मसल कार: कार्बोरेटर ठेवायचा की फ्युएल इंजेक्शन बसवायचं

मसल कार म्हणजे साधारण १९६४ ते १९७२-७३ या काळातल्या अमेरिकन गाड्या, मध्यम आकाराची दोन दाराची बॉडी आणि तिच्यात कंपनीनेच कोंबलेलं मोठं व्ही८ इंजिन. १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ ही पहिली असं बहुतेक जण धरतात, मग शेव्हेल एसएस, प्लिमथ रोड रनर, डॉज चार्जर वगैरे आल्या. मस्टँग आणि कॅमारो खरं तर पोनी कार, म्हणजे आकाराने लहान स्पोर्टी गाड्या, पण बोलताना सगळे त्यांनाही मसल कारच म्हणतात. या गाड्या जवळपास सगळ्या कार्बोरेटर लावूनच कारखान्यातून बाहेर पडल्या. आज ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, की जुना कार्बोरेटर दुरुस्त करून चालवायचा, नवा घ्यायचा, की काढून टाकून त्या जागी कॉम्प्युटरवर चालणारं इंजेक्शन बसवायचं. वाद फार जुना आहे आणि दोन्ही बाजूचे लोक जाम हट्टी आहेत, पण खरा निर्णय इंजिनच्या वर काय बसतं यापेक्षा टाकी, पाइप आणि वायरिंगचं काय करायचं यावर ठरतो, आणि नेमकं तेच बघायचं राहून जातं.

कार्बोरेटरचं काम कसं चालतं

पिस्टन खाली जाताना हवा ओढली जाते, ती हवा कार्बोरेटरमधल्या अरुंद गळ्यातून म्हणजे व्हेंचुरीतून जाताना वेग वाढतो आणि दाब कमी होतो, त्या कमी दाबामुळे फ्लोट बाउलमधलं म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या साठवणवाटीतलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे ठरलेल्या मापाच्या बारीक भोकातून, वर खेचलं जातं आणि हवेत मिसळतं. बस, एवढंच. बाकी सगळं, चोक, पॉवर व्हॉल्व्ह, अ‍ॅक्सिलरेटर पंप, हे या साध्या युक्तीच्या उणिवा भरून काढायला जोडलेलं आहे. महाराष्ट्रात ज्यांनी एप्रिल २०२० मध्ये बीएस६ लागू होण्याआधीची बाइक चालवलीय त्यांना सकाळी थंडीत चोक ओढणं आणि गॅरेजमध्ये जेट साफ करून घेणं काही नवीन नाही, फक्त बाइकच्या कार्बोरेटरमध्ये स्लाइड वर-खाली होऊन गळा लहान-मोठा होतो आणि अमेरिकन व्ही८ वरच्या कार्बोरेटरमध्ये गळा ठरलेल्या मापाचा असतो. म्हणून तिथे फोर बॅरल आलं: दोन प्रायमरी गळे नेहमीसाठी, आणि पाय दाबला की उघडणारे दोन सेकंडरी. होली ४१५०, कार्टर एएफबी, रॉचेस्टर क्वाड्राजेट ही त्यातली नेहमी ऐकू येणारी नावं. क्वाड्राजेटच्या प्रायमरी अगदी लहान आणि सेकंडरी प्रचंड मोठ्या, त्यामुळे हळू चालवलं तर पेट्रोल जपून वापरतो. स्ट्रीट हेमी ४२६ वर तर दोन-दोन फोर बॅरल कार्टर असायचे आणि १९६९ मध्ये आलेल्या ४४० सिक्स पॅकवर तीन टू बॅरल होली.

इंजेक्शन त्या काळात नव्हतं असं नाही

हा गैरसमज बराच आहे. शेव्हरोलेने १९५७ लाच कॉर्व्हेटवर रॉचेस्टरचं मेकॅनिकल इंजेक्शन दिलं होतं, २८३ घन इंचाच्या इंजिनातून २८३ हॉर्सपॉवर, आणि कंपनीने त्याची जाहिरातही जोरात केली. त्यात कॉम्प्युटर वगैरे काही नव्हतं, हवा किती जातेय हे एक डायफ्राम ओळखायचा आणि त्यावरून पेट्रोल ठरायचं. चालायचं चांगलं, पण ट्यून करणारा माणूस मिळायला हवा, तो न मिळाल्यामुळे कित्येक मालकांनी ते काढून सरळ कार्बोरेटर लावले. मग १९६५ मध्ये हिशोबच उलटा झाला: इंजेक्शनवालं ३२७ चं इंजिन ३७५ हॉर्सपॉवर द्यायचं आणि त्याचे वरचे ५३८ डॉलर पडायचे, आणि त्याच गाडीत कार्बोरेटरवालं ३९६ चं बिग ब्लॉक, म्हणजे मोठं इंजिन, ४२५ हॉर्सपॉवर द्यायचं तेही ३०० डॉलरच्या आत. कोण घेणार इंजेक्शन? त्या वर्षानंतर ते बंदच झालं.

क्रायस्लरने १९५८ मध्ये तर बेंडिक्सचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवून पाहिलं, गाड्या जेमतेम पस्तीसच्या आसपास, आणि त्यातल्या बहुतेकांना नंतर कंपनीनेच कार्बोरेटर लावून दिले, कारण तेव्हाचे इलेक्ट्रॉनिक भाग उष्णता आणि धक्के सोसणारे नव्हते. ती पेटंट पुढे बॉशकडे गेली आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगनवर डी-जेट्रॉनिक आलं. म्हणजे इंजेक्शन मागे पडलं ते कल्पना वाईट म्हणून नाही, पैसा आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही तेव्हा त्याच्या बाजूने नव्हते म्हणून.

ताकद वाढते का

फारशी नाही. निदान लोक समजतात तेवढी तर नाहीच. पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे पाय पूर्ण दाबल्यावर, नीट जेट लावलेला कार्बोरेटर आणि नीट ट्यून केलेलं इंजेक्शन यात डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) फरक किरकोळ निघतो, उलट कार्बोरेटरमधून पेट्रोल मॅनिफोल्डमध्येच (हवा सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांत) वाफ होत जातं त्यामुळे हवा थंड होते आणि त्याचा थोडा फायदाच होतो. नॅसकार या अमेरिकन कार रेसिंगच्या वरच्या मालिकेत २०११ पर्यंत आणि एनएचआरए या संस्थेच्या प्रो स्टॉक ड्रॅग रेसिंगमध्ये २०१५ पर्यंत कार्बोरेटरच होते, यावरून काय ते समजा.

इंजेक्शन जिंकतं ते दुसरीकडे. थंडीत पहिल्या फटक्यात सुरू होणं, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी परत चालू करताना रडारड न होणं, अर्ध्या थ्रॉटलवर एकसारखं चालणं, आणि डोंगर. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर आहे, तिथे हवा पंधरा-सतरा टक्के विरळ, समुद्रकाठी सेट केलेला कार्बोरेटर तिथे गेला की पेट्रोल जास्त सोडतो आणि इंजिन जड होतं, कारण बाहेर हवा किती आहे हे त्याला कळायची काही सोयच नाही. इंजेक्शनचा कॉम्प्युटर मॅनिफोल्डचा दाब, तापमान आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून स्वतःच कमी-जास्त करतो, शुद्ध पेट्रोलसाठी हवा-पेट्रोलचं १४.७ ला १ हे प्रमाण तो आरामात चालताना धरून ठेवतो आणि पाय दाबला की साडेबारा-तेरावर आणतो.

कार्बोरेटर खराब नसतोच, बऱ्याचदा मोठा असतो

"कार्बोरेटर त्रास देतो" म्हणून इंजेक्शन घ्यायला निघालेल्यांनी आधी एक साधं गणित करावं. इंजिनाचे घन इंच गुणिले जास्तीत जास्त आरपीएम भागिले ३४५६. म्हणजे ३५० च्या इंजिनाला ५५०० आरपीएमवर ५५७ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा), आणि रस्त्यावरचं इंजिन त्यातली ८०-८५ टक्केच हवा घेतं, म्हणजे ४७५ च्या आत. ६०० सीएफएमचा कार्बोरेटर भरपूर झाला. पण लावलेला असतो ७५० किंवा ८५०, कारण मोठा म्हणजे चांगला. एवढ्या मोठ्या गळ्यातून हवा सावकाश जाते, जेटला ओढ मिळत नाही, पाय दाबला की गाडी आधी ढेपाळते मग धावते. त्यात व्हॅक्यूम लीक (कुठून तरी जादा हवा आत शिरणं), चुकलेलं इग्निशन टायमिंग, झिजलेला डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग). यातलं काहीच इंजेक्शनने बरं होत नाही, फक्त महागडं होतं.

एक तक्रार मात्र खरी आहे. अमेरिकेत आता बहुतेक पंपांवर १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं, त्यामुळे गरम इंजिनावर ते फ्लोट बाउलमध्येच उकळतं, आणि गाडी हिवाळाभर उभी राहिली तर बाउल कोरडा पडतो, आत पांढरी पावडर साठते, जुने रबर फुगतात.

इंजेक्शन बसवताना खरं काम कुठे आहे

आता मिळणारी किट, उदाहरणार्थ होली स्नायपर किंवा फायटेक, ही फोर बॅरल कार्बोरेटरच्याच चार बोल्टवर बसतात, दिसायलाही तशीच, वर एअर क्लीनर ठेवला की ओळखू येत नाही. जाहिरातीत संध्याकाळभराचं काम वाटतं. ते वरचं काम खरंच तेवढंच आहे, पण कार्बोरेटरला पाच ते सात पीएसआय दाब लागतो आणि या किटला ५८ च्या आसपास, म्हणजे इंजिनवरचा जुना मेकॅनिकल पंप गेला, टाकीत नवा इलेक्ट्रिक पंप, जास्त दाबाचे पाइप आणि बहुतेकदा टाकीपर्यंत परतीची लाइन. साधा रबरी पाइप तसाच ठेवला तर तो गळून गरम एक्झॉस्टवर पेट्रोल पडू शकतं, इथे काटकसर करूच नये. शिवाय जुन्या टाकीत आत पडदे नसतात, पेट्रोल कमी असताना वळणावर ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्बोरेटरवर हे कधी कळायचं नाही कारण फ्लोट बाउलमध्ये शिल्लक असायची, इंजेक्शनवर इंजिन तिथल्या तिथे बंद. म्हणून इंजेक्शनसाठीच बनवलेली नवी टाकी घेणं हेच शहाणपणाचं, आणि मग एकूण खर्च किटच्या किमतीच्या बराच वर जातो.

वायरिंगचंही तेच. ईसीयूच्या, म्हणजे इंजेक्शनच्या कॉम्प्युटरच्या, वायरी थेट बॅटरीला, दोन्ही टोकं, आणि प्लगच्या वायरी आणि कॉइलपासून लांब, नाहीतर इग्निशनचा गोंगाट सेन्सरमध्ये शिरतो आणि गाडी मधेच वेड्यासारखी वागते. साठच्या दशकातला अल्टरनेटर पंप, फॅन आणि ईसीयू एकदम ओढू शकेलच असं नाही. आणि "सेल्फ लर्निंग" म्हणजे सगळं आपोआप असं नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तर बाहेरची हवा आत जाऊन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग कॉम्प्युटर उगाच ओतत राहतो. जास्त ओव्हरलॅपचा (आत-बाहेरचे व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे ठेवणारा) कॅमशाफ्ट असेल तर आयडलला हाच घोळ, तिथे हाताने ट्यून करावंच लागतं.

मग कोणी काय करावं

गाडी वर्षातून मोजक्या वेळा बाहेर निघते, इंजिन साधं, मालकाला स्क्रूड्रायव्हर धरता येतो, त्याने योग्य मापाचा कार्बोरेटर ठेवावा, रस्त्यात बिघडला तर काठावर बसून उघडता तरी येतो, इंजेक्शनच्या पंपाचा रिले गेला तर टोइंगच. रोज किंवा लांब चालवायची, उंचावर राहायचं, ओव्हरड्राइव्ह (हायवेला आरपीएम कमी ठेवणारा) गिअरबॉक्स टाकलेला, त्याने इंजेक्शन घ्यावं, पण टाकीपासून सगळं, अर्धवट नको. आणि इंजिनच बदलणार असाल तर जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेसारखं आधीपासून इंजेक्शनवालं घेणं सोपं पडतं.

ज्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स मूळचंच आहे तिथे मात्र हात आखडता घ्यावा. अशा गाडीत कार्बोरेटरवरचे नंबर आणि तारखेचे कोडही गाडीशी जुळतात का ते बघणारे खरेदीदार असतात आणि त्यावर किंमत हलते. तरी इंजेक्शन हवंच असेल तर बॉडीला भोक न पाडता बसवावं आणि काढलेला कार्बोरेटर, पंप, पाइप, टाकी यातलं काही न विकता, कार्बोरेटरमधलं पेट्रोल पूर्ण काढून सुकवून, लेबल लावून ठेवून द्यावं.