केस भादरून ड्राटहार गार होत नाही

एप्रिल लागला की डिचोली-म्हापशाकडे हमखास कानावर येतं, ‘दाट केसांचा कुत्रा ना? मशीन फिरवा, गार वाटेल त्याला.’ वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे, आणि ड्राटहारच्या जिवाला त्याचा त्रास होतो.

ड्राटहार हा जर्मन शिकारी कुत्रा. पक्षी हेरून जागीच थिजणारा, माग काढणारा, पाण्यात उडी घेऊन सावज आणून देणारा. जर्मनीत त्याची संघटना 1902 साली उभी राहिली. (आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे, आणि ती हवीच.)

त्याच्या पाठीवरून उलटा हात फिरवून पाहा. वर काथ्यासारखे राठ, 2 ते 4 सेंटिमीटरचे केस, खाली मऊ लव. काटे, पाणी, ऊन, सगळं हे राठ केसच अंगावर झेलतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकणं हीच त्याची गार होण्याची मुख्य रीत. केस उतरवले की कातडी थेट उन्हात भाजते, शिवाय नंतर केस मऊ आणि गुंतणारे येतात. मशीनऐवजी जुने होऊन सैल झालेले केस बोटांच्या चिमटीत धरून उपटावेत; ते सहज निघतात.

गोव्याच्या दमट हवेत धापाही अपुऱ्या पडतात. म्हणून फिरवायचं पहाटेच. दुपारी सावली आणि भरपूर पाणी.