ब्रँडिंग आणि मार्केटिंग

एखाद्या व्यवसायाचे नाव घेतल्यावर ग्राहकाच्या मनात जो भरवसा, ओढ किंवा नावड जागी होते, ती घडवण्याचे काम म्हणजे ब्रँडिंग. माल कोणाला, किती किमतीला, कोणत्या मार्गाने विकायचा हे ठरवून तो खपवण्याची सगळी खटपट म्हणजे मार्केटिंग (विपणन). पाठ्यपुस्तके ब्रँडिंगला मार्केटिंगचे एक अंग मानतात, तर ब्रँडिंग करणारी मंडळी ‘आधी ब्रँड, मग मार्केटिंग’ असे बजावतात. थोरले कोण, या वादातून हाती फारसे काही लागत नाही. दोहोंचा हिशोब वेगवेगळ्या मुदतीचा असतो, हे ध्यानात घेणे अधिक उपयोगाचे.

मार्केटिंगची रूढ चौकट १९६० मध्ये अमेरिकी प्राध्यापक ई. जेरोम मॅकार्थी यांनी मांडली: उत्पादन, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी. यातल्या प्रयत्नांचे फळ लवकर मोजता येते. सवलत जाहीर झाली की खप चढतो, मुदत सरली की उतरतो. ब्रँड मात्र सावकाश मुरतो. नाव, बोधचिन्ह, रंग, वेष्टन हा त्याचा दिसणारा भाग. तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाला कसे वागवले, हाही त्याचाच भाग, आणि तो बहुधा मार्केटिंग विभागाच्या हाताबाहेर असतो. सतत सवलती दिल्या तर विक्रीचे आकडे सुधारतात, पण पूर्ण किमतीला तीच वस्तू घ्यायला ग्राहक कां-कूं करू लागतो. इथे मार्केटिंग ब्रँडच्या मुळावर येते.

या तफावतीचे सर्वांत बोलके उदाहरण कोका-कोलाचे. २३ एप्रिल १९८५ रोजी कंपनीने अमेरिकेत आपल्या पेयाची चव बदलली. पेप्सीची स्पर्धा वाढली होती आणि सुमारे दोन लाख लोकांवर घेतलेल्या चाचण्यांत नव्या चवीला पसंती मिळाली होती. मार्केटिंगच्या नेहमीच्या मापाने तयारीत कसूर नव्हती. पण बहुतेक चाचण्यांत पेयाचे नाव झाकलेले होते. जुने कायमचे बंद झाले तर काय वाटेल, याचा पुरता ठाव घेतलाच गेला नाही. संतापलेल्या ग्राहकांच्या फोनांची रीघ लागली आणि ७९ दिवसांत जुनी चव ‘क्लासिक’ या नावाने परत आणावी लागली. चाचणीने जिभेचा कौल घेतला होता. लोक रागावले ते नावाशी जडलेल्या सवयीला हात लागला म्हणून.

हिशेबाच्या वहीतही हा फरक उमटतो. आंतरराष्ट्रीय लेखामानक ३८ नुसार कंपनीने स्वतः घडवलेला ब्रँड ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. तोच दुसऱ्या कंपनीने विकत घेतला की तिच्या ताळेबंदात त्याची किंमत लागते. घडवणाऱ्याच्या वहीत तो निव्वळ खर्च राहतो, म्हणून काटकसरीची वेळ आली की कात्री बहुधा आधी ब्रँडिंगला लागते.