भीतीचे छायाचित्र आणि जागृतीचे छायाचित्र

महिलांच्या सुरक्षिततेविषयी मोहीम आखायची म्हटले की अंधारी गल्ली, भिंतीवर पडलेली पुरुषाची लांब सावली आणि कोपऱ्यात गुडघ्यांत तोंड लपवून बसलेली स्त्री हे दृश्य सर्वांत आधी सुचते. ते पाहणाऱ्याला हादरवते, म्हणून त्यालाच जागृतीचे छायाचित्र समजले जाते. वास्तविक ते भीतीचे छायाचित्र असते.

दोहोंतला फरक कॅमेरा कुठे ठेवला आहे यावरून ओळखता येतो. भीतीच्या छायाचित्रात तो बहुधा उंचावरून स्त्रीवर रोखलेला असतो. २४ मिमीसारखी वाइड लेन्स अगदी जवळ नेली की पुढे आलेला हात अवाढव्य आणि मागचा चेहरा लहान दिसतो, आणि पाहणारा नकळत हल्लेखोराच्या जागी उभा राहतो. हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण जिच्या बाजूने बोलायचे तिच्याकडेच आपण सावज म्हणून पाहायला लावतो. जागृतीच्या छायाचित्रात कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर असतो आणि चौकटीत आणखी कोणीतरी असते: मध्ये पडणारा सहप्रवासी, तिच्या शेजारी येऊन उभी राहिलेली अनोळखी बाई, फोन लावणारा सहकारी. पाहणाऱ्याला तेथे साक्षीदाराची आणि म्हणून काही करू शकणाऱ्या माणसाची जागा मिळते.

स्थळाची निवडही तितकीच बोलकी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे ३० टक्के स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक किंवा इतर कोणाकडून लैंगिक हिंसा सोसावी लागली आहे, आणि त्यात जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेचा वाटा सर्वांत मोठा आहे. असे असताना प्रत्येक चित्रात गल्ली आणि अनोळखी सावलीच दाखवली, तर जिला धोका घरातच आहे तिला ते चित्र आपले वाटत नाही. दिवसाउजेडीचे स्वयंपाकघर, कार्यालयातील लिफ्ट किंवा हातातला मोबाइल ही स्थळे अधिक खरी आहेत, जरी त्यांत नाट्य कमी असले तरी.

भीतीला उपायाची जोड नसेल तर माणूस संदेशच नाकारतो, हे भीती दाखवून केलेल्या आवाहनांवरील अभ्यासांतून वारंवार मांडले गेले आहे. म्हणून मदतवाहिनीच्या क्रमांकासाठी सपाट, शांत पार्श्वभूमीची मोकळी जागा चित्रीकरणाआधीच ठरवावी, आणि उभ्या पडद्यासाठी चित्र कापताना ती जागा निघून जाणार नाही हे पाहावे. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतील कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोहोंच्या उजळपणाचे गुणोत्तर, किमान ४.५:१ असावा; गडद, सावल्यांनी भरलेले चित्र भर उन्हात मोबाइलवर काळेच दिसते.

छपाईपूर्वी मजकूर झाकून ते चित्र चारचौघांना दाखवावे आणि त्यातून काय सांगितले आहे ते विचारावे. “बायकांनी रात्री बाहेर पडू नये” असे उत्तर आले, तर ते छायाचित्र पुन्हा काढावे.