विमानातला तास नक्की कुणाचा?

कंपनीच्या प्रवासखर्चाच्या तक्त्यात तिकीट असतं, हॉटेल असतं, टॅक्सी असते. माणसाचा वेळ मात्र नसतो. त्यामुळे मधल्या विमानतळावर चार तास ताटकळत ठेवणारं स्वस्त तिकीट कागदावर नेहमीच सरस ठरतं. यावर एक सरळ उपाय सुचवला जातो: प्रवासाच्या तासांना ताशी पगाराने गुणा आणि येणारा आकडा तिकिटात मिळवा. वेळ शून्य धरण्यापेक्षा हे बरंच. पण हिशेब कच्चा आहे.

अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही जवळपास याच वाटेने जातात: कामासाठी केलेल्या प्रवासाचा तास म्हणजे लाभांसकट पूर्ण मोबदला. यात दोन गृहीतकं गुपचूप शिरलेली असतात. प्रवासात काडीचंही काम होत नाही, हे एक. आणि वाचलेला प्रत्येक तास थेट ऑफिसच्या टेबलावर जाऊन पडतो, हे दुसरं.

डेव्हिड हेन्शर या ऑस्ट्रेलियन वाहतूक-अर्थतज्ज्ञाने १९७७ मध्ये ही दोन्ही गृहीतकं सुटी केली. त्याचं सूत्र मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वाचलेल्या वेळातला जो हिस्सा कर्मचाऱ्याच्या घरी, झोपेत किंवा फिरण्यात जातो, तो ‘आर’. ज्या हिश्शात तो एरवी प्रवासातच काम करत बसला असता, तो ‘पी’. आणि ऑफिसच्या तुलनेत त्या कामाचा उरक म्हणजे ‘क्यू’. कंपनीच्या पदरात पडतो तो फक्त १ वजा आर वजा (पी गुणिले क्यू) एवढा भाग.

समजा, माणसाचा ताशी खर्च १०० आहे आणि थेट विमानाने चार तास वाचतात. साध्या गुणाकाराने फायदा ४००. आता त्यातले दोन तास तो घरी घालवणार, म्हणजे आर ०.५. एक तास त्याने विमानतळावर काम केलंच असतं, म्हणजे पी ०.२५, उरक ०.८. गुणाकार ०.२. उरले ०.३, म्हणजे १२०. कुठे ४०० आणि कुठे १२०!

याहून गंमत सुट्टीच्या दिवशी रात्री निघणाऱ्या विमानात आहे. वाचलेला सगळाच वेळ कर्मचाऱ्याचा, म्हणून आर १. बाकीचे आकडे तेच ठेवले तर उत्तर येतं उणे ०.२. थेट विमान दिल्याने कंपनीला ८० चा तोटा, कारण विमानतळावर अहवाल वाचत बसला असता तो माणूस आता घरी झोपलाय. म्हणून तर हेन्शरच्या पूर्ण सूत्रात आणखी पदं आहेत: कर्मचाऱ्याला स्वतःला त्या वेळाची वाटणारी किंमत आणि कमी थकव्यामुळे वाढणारं काम. हिशेबनीस ती गाळतात, आणि तो तास फुकट असल्यासारखा दिसू लागतो.

‘क्यू’ मोजायला सगळ्यात चिवट. दोन तासांच्या उड्डाणात सलग वेळ किती मिळतो? उड्डाण करताना आणि उतरताना लॅपटॉप बंद. मध्येच पुढच्याने सीट मागे केली की पडदा अर्धाच उघडतो, आणि शेजारचा डोकावतोय म्हटल्यावर गोपनीय फाइल उघडता येत नाही. उलट विमानतळावर टेबल आणि चार्जिंगची सोय मिळाली तर तिथले चार तास सलग मिळतात. त्या दोन तासांना आणि या चार तासांना एकाच ताशी दराने गुणणं मला पटत नाही.

थकव्याचं तर आणखी वेगळं. माणसाच्या आतल्या घड्याळाचा दिवस सरासरी २४ तासांहून किंचित मोठा असतो. त्यामुळे दिवस लांबवणं, म्हणजे पश्चिमेकडे जाणं, बहुतेकांना सोपं. पूर्वेकडे जाणं जड. हे घड्याळ ढोबळमानाने दिवसाला तासभर सरकतं, आणि सरकतं ते मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडामुळे. जेट लॅग, म्हणजे वेळफरकाने येणारा थकवा, उतरवतो म्हणून मनगटात घातलेल्या कड्याने त्याला काही फरक पडत नाही. सहा तासांचा वेळफरक ओलांडून पूर्वेला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी बैठकीला हजर असतो. पण त्याच्या ‘क्यू’ला ऑफिसातसुद्धा १ गाठायला काही दिवस लागतात, आणि ते दिवस प्रवासखर्चात कुणी धरत नाही.

मग आर, पी आणि क्यू मिळवायचे कुठून? विचारूनच. आणि विचारायचं दोघांना, कंपनीलाही आणि कर्मचाऱ्यालाही. तास वाचवायला किती जास्त द्याल, असं तिकिटाचे पैसे स्वतः न भरणाऱ्याला विचारलं, तर तो सढळ हातानेच उत्तर देणार.